दहाव्याला हातमोजे

वृषालीने हातमोज्यांच्या आत घालायचे हातमोजे मागवले, तेव्हा माझ्या आईने ते उलटसुलट करून पाहिले आणि विचारलं, "आन् ह्यांच्या आत काय घालायचं?"

प्रश्न रास्त होता. मोजे बारीक लोकरीचे, राखाडी, इतके हलके की जोडी तळहातावर घेतली तर फुलक्याएवढं वजन. किंमत वृषालीने सांगितली नाही आणि मी विचारली नाही. संसार जुना झाला की एवढं जमतं.

वृषालीचं कळंबला हायवेलगत औषधांचं दुकान आहे. थंडीत इन्सुलिन काढायला फ्रीजमध्ये हात घातला की तिच्या बोटांची टोकं खडूसारखी पांढरी पडतात. मग निळी, मग लाल, आणि शेवटी अशा कळा येतात की गिऱ्हाईकच काउंटरच्या आत येऊन तिला बसायला खुर्ची देतं. या प्रकाराला कुणा फ्रेंच डॉक्टरचं नाव आहे असं आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, आणि उपाय म्हणून थंडीत जाऊ नका असंही सांगितलं. वृषालीला उत्तराखंडात बर्फात जायचं होतं.

हे दुसऱ्यांदा. दोन वर्षांपूर्वी ती मंचरच्या बायकांच्या ट्रेकिंग ग्रुपबरोबर गेली होती आणि दुसऱ्याच तळावरून परतली होती. बोटांनी दगा दिला. तिला खाली आणायला आणखी दोघींना उतरावं लागलं. त्या दोघी अजून तिच्याच दुकानातून औषधं नेतात, पण हसत नाहीत.

ग्रुपची पुढारी इंद्रायणी, शाळेत पीटी शिकवते. ती मैत्रिणींशीही शिट्टी तोंडात असल्यासारखी बोलते. या वेळी तिने आमच्या घरी येऊन, चहा न घेता सांगितलं, "जानेवारीत एकच जागा राहिलीय. दहा डिग्रीच्या खाली, उघड्यावर, दोन तास, फक्त हे पातळ मोजे घालून माझ्यासमोर बसून दाखव. बोटं पांढरी पडली नाहीत तर चल. पडली तर पुन्हा माझ्याकडे डोंगराचा विषय काढायचा नाही."

"आणि वरचे जाड मोजे?" मी विचारलं.

"सर, बर्फात बुटाची नाडी बांधायला, तंबूची चेन ओढायला जाड मोजे काढावे लागतात. तेव्हा हातात हेच राहणार. घरचाच माणूस फितूर असेल तर किल्ल्याला भिंत कशाला?"

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. अशा वेळी मान डोलवायचा मला सराव आहे.

 इंद्रायणी गेल्यावर वृषालीने मोजे घातले, काढले, परत घातले आणि ते घालूनच कणीक मळायला घेणार होती, तेवढ्यात आई ओरडली. तिला जायचंच होतं. आयुष्यात तिने हट्ट असा एकच धरला होता, आणि तो बर्फाचा निघाला याला माझा इलाज नव्हता.

पहिली चाचणी रीतसर डोंगरावर झाली. दुर्गवाडीला गाडी लावून आम्ही दोघं ढाकोबाकडे चालायला लागलो. धुकं होतं, गवतावर दव होतं, माझे कान गोठले होते. वाटेवर झुंबरबाई नावाच्या एका आजींच्या पडवीत चहाला थांबलो. आजी गार पाण्याने पातेली घासत होत्या. त्यांनी वृषालीच्या हातांकडे पाहिलं.

"हात भाजलं का काय गं बाई?"

"नाही आजी, थंडीसाठी घातलेत."

"आन् उनाळ्यात?"

"उन्हाळ्यात नाही घालत."

"मंग बरं," आजी म्हणाल्या आणि पुढचं पातेलं घेतलं.

वर पोचेपर्यंत वृषालीच्या हातांना घाम आला होता. निष्कर्ष असा निघाला की चालताना हात कुणाचेच गारठत नाहीत, गारठतात ते बसल्यावर. म्हणजे डोंगराच्या मोज्यांची परीक्षा डोंगरावर होऊ शकत नव्हती. बसायला जागा हवी होती.

जागेचा शोध सुरू झाला. घराच्या गच्चीवर बसावं तर आई दर थोड्या वेळाने वर येऊन तिच्या अंगावर काहीतरी टाकायची. पहिल्या दिवशी शाल, दुसऱ्या दिवशी गोधडी, तिसऱ्या दिवशी पाटीत निखारेच घेऊन आली. शेतात बसावं तर बिबट्या. पहाटे उसाच्या कडेला दोन तास न हलता बसलं तर वेगळ्याच गोष्टीची परीक्षा होते. मंचरच्या एका कोल्ड स्टोरेजवाल्याने बटाट्यांच्या गोण्यांशेजारी खुर्ची टाकून द्यायची तयारी दाखवली होती, पण तिथे वारा नाही म्हणून इंद्रायणीने ते बाद केलं.

आणि मग डिंगोऱ्याला माझे मामा, सावळाराम, वारले.

आमच्या जुन्नर-आंबेगावात दहावा ही घरच्यांपुरती गोष्ट राहिलेली नाही. सकाळी सातला नदीकाठी मंडप, त्यात लग्नाला असतात त्याहून जास्त खुर्च्या. आधी प्रवचन, मग पिंडाला कावळा शिवायची वाट पाहणं, मग श्रद्धांजलीची भाषणं. भाषणं कोण करतं? जो पुढच्या निवडणुकीत उभा राहणार आहे तो, जो मागच्या निवडणुकीत पडला आहे तो, आणि ज्याच्या हाताशी माइक आला तो. गेलेल्या माणसाबद्दल पहिलं वाक्य असतं. बाकीची धरणाच्या पाण्याबद्दल असतात.

मामांच्या दहाव्याला वृषाली बायकांच्या बाजूला मोकळ्या हातांनी बसली. प्रवचनकार वैराग्यावर येईपर्यंत तिची बोटं पांढरी झाली होती. येताना ओतूर मागे पडेपर्यंत ती गप्प होती. मला वाटलं, मामांची आठवण.

"वारा पाण्यावरून येतो," ती म्हणाली. "खुर्ची लोखंडी. हलायचं नाही, उठायचं नाही. घड्याळात नऊ डिग्री दाखवत होतं. अहो, अशी जागा शोधून सापडली नसती."

"वृषाली, मामा गेलेत."

"गेले म्हणून तर बसता आलं."

तेव्हापासून ती दहाव्यांना जाऊ लागली. अनोळखी माणसाच्या दहाव्याला ती गेली नाही, हे मी तिच्या बाजूने सांगेन. पण वीस वर्षं औषधांचं दुकान चालवल्यावर अनोळखी राहतो कोण? गेलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब तिला तोंडपाठ होता. वर्तमानपत्रातले फोटो आणि व्हॉट्सअॅपवरचे निधनाचे निरोप ती आधीही वाचायची. आता त्यात घाट कोणता आणि वारा कुठून येतो हे पाहू लागली. मीही सोबत जायचो. सकाळी तिला एकटीला कसं सोडायचं, असं मी म्हणायचो. खरं तर दहाव्याहून परत येताना कळंबच्या नाक्यावर मिसळ मिळते.

"मेलेल्यांच्या मागं लागलीया ही," आई म्हणाली. "माझ्याकडं बघून नको हातमोजं घालत जाऊ गं."

मोज्यांवर पहिल्याच घाटावर आक्षेप आला. सारजाबाई नावाच्या एक वयस्कर बाई शेजारी बसल्या होत्या. त्या हळूच पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बोलल्या, "दहाव्याला हातात काय घातलंय हिनं?"

विधी सांगणाऱ्या गुरुजींनी मंत्र न थांबवता तिकडे पाहिलं. मंत्र संपल्यावर म्हणाले, "लोकर आहे का?"

"हो. मेंढीची."

"लोकर सोवळ्यात चालते," गुरुजी म्हणाले, आणि परदेशातल्या त्या मेंढीला आमच्या तालुक्यात कायमची मान्यता मिळाली.

अडचण एकच होती, कावळ्याची. घरच्यांची इच्छा असते की कावळा लगेच शिवावा, म्हणजे गेलेल्याचं मन कशात अडकलेलं नव्हतं. वृषालीला दोन तास हवे होते. एका घाटावर पान ठेवून माणसं मागे सरली नाहीत तोच कावळा झेपावला. घरच्यांनी हात जोडले, सगळ्या बायकांचे चेहरे मोकळे झाले, आणि वृषालीने मान खाली घातली. "किती लागलंय बघा त्यांना," मागून कुणीतरी म्हणालं. दुसऱ्या घाटावर कावळा आलाच नाही. मुलगा जमिनीच्या वाटणीबद्दल, सून दागिन्यांबद्दल, आणि शेवटी भाचा ट्रॅक्टरबद्दल शब्द देऊन थकला. सगळं घर रडकुंडीला आलं होतं आणि माझी बायको एकटी समाधानाने बसली होती. मोज्यातली बोटं वळवून पाहत होती. त्या दिवशी तिला फक्त करंगळीला मुंग्या आल्या.

या सगळ्याकडे दादाभाऊचं लक्ष होतं. दादाभाऊ आमच्या पंचक्रोशीतल्या दहाव्यांचा निवेदक. कोण आलं, कोण आलं नाही आणि कोण कुणाशेजारी बसलं हे त्याच्याइतकं तालुक्यात कुणाला ठाऊक नसतं. तिसऱ्या-चौथ्या घाटावर त्याने माइकवरून सांगितलं, "आपल्या सुखदुःखात धावून येणाऱ्या वृषालीताई इथं आवर्जून उपस्थित आहेत." पुढच्या घाटावर तिच्या हातात माइकच दिला.

गेलेले गृहस्थ तिचे जुने गिऱ्हाईक. वृषाली उभी राहिली आणि म्हणाली, "अण्णा साखरेच्या गोळ्या वेळेवर घ्यायचे. एकदाही चुकवल्या नाहीत. मला त्यांच्याबद्दल एवढंच माहीत आहे, आणि ते खरं आहे."

आणि ती बसली.

 लोकांना वाटलं माइक बंद पडला. दादाभाऊने तो ठोकून पाहिला. मग मागच्या रांगेतून आवाज आला, "संपलं बी? लई भारी राव!" श्रद्धांजलीच्या इतिहासात हे नवं होतं. गेलेल्याबद्दल बोलली, खरं बोलली, आणि थांबली. निघताना अनोळखी माणसांनी मला नमस्कार केला. त्या आठवड्यात आमचा जिल्हा परिषदेचा गट महिलांसाठी राखीव झाला.

दोन दिवसांनी मंचरहून गोरखशेठ आले. कांदा-बटाट्याचे अडतदार. त्यांच्या पत्नी रुपाली उभ्या राहणार हे सगळ्यांना माहीत होतं. फ्लेक्सवरचे हात जोडलेले फोटोही काढून झाले होते. शेठ सोफ्याच्या अगदी कडेला बसले.

"सर, आपण घरचीच माणसं. खरं सांगा, ताईंना आतनं कुणाचं बळ हाय?"

"कुणाचं नाही. ती हातमोजे तपासतेय."

शेठ माझ्याकडे बघत राहिले. मग हसायला लागले, आणि डोळे पुसेपर्यंत हसले.

"हातमोजं! म्हैनाभर रोज सकाळी दहाव्याला बसून हातमोजं! आवो सर, मी पंचवीस वरीस राजकारणात हाय. असलं उत्तर आजवर कुणी दिलं न्हाई. तुमी लई पोचलेलं निघाला."

वृषालीने आतून मोजे आणून त्यांच्या हातात दिले. शेठनी ते नाकाशी नेऊन हुंगले, दिव्यासमोर धरून पाहिले, आणि गंभीर झाले.

"मतदारांचा हात हातात घेताना मऊ लागावं म्हणून व्हय? आमच्या टाळक्यात कसं आलं न्हाई हे."

"शेठ, मी उभी राहत नाहीये," वृषाली म्हणाली.

"आदी समदीच तसं म्हणत्यात, ताई. आमची रुपाली बी तेच म्हणती."

जाताना ते मोज्यांचा फोटो काढून घेऊन गेले.

ग्रुप निघायला थोडेच दिवस उरले असताना इंद्रायणी परीक्षेला आली. घोडनदीच्या काठचा मोठा दहावा, गार वारा, घड्याळात आठ डिग्री. सगळं मनासारखं होतं. इंद्रायणी वृषालीच्या शेजारी बसली. एवढ्यात एक बाई आली, तिने वृषालीचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाली, "ताई, आमी तुमच्याच मागं." ती गेली तर दुसरी आली. मग बचत गटाच्या सगळ्या जणी रांगेने आल्या. मग माजी सरपंचांच्या सूनबाई आल्या आणि हात सोडेनातच. मोजे बघायला म्हणून काही जणी आल्या, त्यांनी चोळून पाहिले. आमच्याकडच्या बायकांचे हात शेतात काम करून भट्टीसारखे असतात. प्रवचन संपेपर्यंत वृषालीचे हात असे गरम झाले होते की तिने पदराने कपाळ पुसलं.

इंद्रायणीने मध्येच उठून निकाल दिला. "ही परीक्षा धरायची नाही. दर दोन मिनिटांनी कुणीतरी हात शेकून जातंय. ही चाचणी नाही, ही शेकोटी आहे."

"पण पांढरी नाही ना पडली!"

"बर्फात तुझे मतदार येणार आहेत का? आणखी एकदा बसेन मी. तेवढं एकदाच. त्यानंतर ती जागा मी दुसरीला देणार."

त्या दिवशी वृषाली मिसळ खायला थांबली नाही.  घरी आल्यावर तिने गोरखशेठना फोन लावला.

"शेठ, रुपालीताईंना माझा पाठिंबा. जाहीर. पण तुम्हीच सांगा सगळ्यांना. मी सांगून कुणाला खरं वाटत नाही."

पलीकडे शेठनी श्वास घेतलेला मलाही ऐकू आला. "आन् तुमाला काय पायजे, ताई?"

"दहाव्याला मला एकटीला बसू द्या. कुणी जवळ यायचं नाही."

"एवढंच?"

"एवढंच."

"ताई, एवढं कमी कुणी मागत नसतं," शेठ काळजीच्या सुरात म्हणाले. "रुपालीशी इचार करून सांगतो."

संध्याकाळी मोबाइलवर शेठचा 'मंजूर' असा निरोप आणि सोबत फोटो आला. हात जोडलेल्या रुपालीताई, बाजूला गोल चौकटीत वृषाली, खाली 'जाहीर पाठिंबा'. आपला माणूस उभा नाही हे कळायला आमच्याकडे फार वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात औषधं न्यायला आलेले लोक फक्त औषधं घेऊन गेले.

पुढचा दहावा गेणभाऊंचा होता. गेणभाऊ कळंबचे, माळकरी, अनेक वर्षं इन्सुलिनवर. वृषाली आणि इंद्रायणी मंडपात शिरल्या तर पुढच्या खुर्च्यांवरच्या बायकांनी पिशव्या ठेवून जागा अडवल्या. बचत गटाच्या जणींना अचानक नदीकडे काहीतरी दिसलं. दादाभाऊ उपस्थितांची नावं वाचताना वृषालीपाशी आला, थबकला आणि पुढच्यावर गेला. तिला जागा मिळाली ती अगदी मागे, शेडच्या बाहेर, जिथे नदीचा वारा थेट अंगावर येतो तिथे. मी पुरुषांच्या शेवटच्या रांगेत, दोन खुर्च्यांच्या अंतरावर होतो. ती इतकी आनंदात मला क्वचितच दिसली आहे.

सात डिग्री. कुणी जवळ आलं नाही. प्रवचनकार वैराग्यावर आले, मायेवर आले, नातेवाइकांच्या स्वार्थावर आले. इंद्रायणी अधूनमधून घड्याळ बघत होती. पान ठेवून झालं, माणसं कावळ्यासाठी मागे सरली, आणि दोन तास भरायला थोडंच उरलेलं असताना गेणभाऊंची लेक, सरूबाई, नदीकडून वर आली.

तिने आत्ताच पाण्यात हात घातले होते. बाहीपर्यंत भिजली होती, ओठ निळे पडले होते. ती पुढे घरच्यांत गेली नाही. सरळ मागे आली आणि वृषालीसमोर खालीच बसली. तिने वृषालीचे दोन्ही हात धरले, मोज्यांसकट, नदीचं पाणी निथळत असलेल्या हातांनी.

इंद्रायणी अर्धवट उठली. मीही. हात काढून घे, असं मला म्हणायचं होतं. पण दहाव्याला तसं ओरडता येत नाही.

"ताई," सरूबाई म्हणाली, "सुई मीच टोचायची त्यांला शेवटी. तुमीच शिकिवलं व्हतं मला दुकानात. माझं हात कापायचं वो. त्यांला दुखलं आसंल का?"

वृषालीच्या मोज्यांतून पाणी टपकत होतं. वारा सुटला होता. तिने एकदा इंद्रायणीकडे पाहिलं. मग हात उलटे करून सरूबाईचे हात आपल्या हातांत घेतले.

"नाही. ती सुई फार बारीक असते. गेणभाऊ दुकानात मला म्हणाले होते, सरूचा हात कळतसुद्धा नाही."

गेणभाऊ असं म्हणाले होते का, हे मी नंतर विचारलं नाही.

सरूबाई तशीच बसून राहिली. कुणी तिला पुढे बोलवायला आलं नाही, कारण वृषालीच्या जवळ यायचं नाही असं ठरलेलं होतं. कावळ्याने वेळ घेतला. तो शिवला, माणसं हलली, भाषणं सुरू झाली. दोन तास कधीच उलटून गेले होते. शेवटी सरूबाई नाक पुसत उठली आणि भावांकडे गेली.

"काढ," इंद्रायणी म्हणाली.

वृषालीला मोजे काढवेनात. म्हणजे बोटांना कळत होतं, पण ओली लोकर चिकटली होती. इंद्रायणीनेच ते ओढून काढले. बोटं सुरकुतलेली होती, धुणं धुतल्यासारखी. गुलाबी होती. इंद्रायणीने एकेक बोट दाबून पाहिलं, बाजारात वांगी दाबून पाहतात तसं. करंगळीवर ती जरा थांबली. परत दाबली.

"ही?"

"मुंग्या येतायत. कळतंय मला."

"ओल्या हातांचं मी धरलंच नव्हतं," इंद्रायणी म्हणाली. तिने मोजे पिळले. पाणी मातीत पडलं. माइकवर कुणीतरी धरणाच्या पाण्याबद्दल बोलत होतं. "सात डिग्री, वारा, ओली लोकर. बर्फातसुद्धा मी कुणाला असं बसवलं नसतं."

"मग?"

"मग काय? बॅग भर. आणि नऊ किलोच्या वर एक पापड जरी निघाला तरी मी काढून टाकणार आहे."

वृषालीने हात काखेत दाबून धरले आणि रडायला लागली. समोरच्या रांगेतल्या दोन बायकांनी वळून पाहिलं. दहाव्याला बसून कुणी गेलेल्या माणसासाठी रडतंय, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनीही पदर डोळ्यांना लावला.

घरी येऊन तिने मोजे टॉवेलमध्ये दाबले, सावलीत पसरले आणि बॅग काढली. मी चहा टाकत होतो तेवढ्यात गोरखशेठचा फोन आला.

"सर, ताई कुटंतरी निगाल्यात असं कळलं."

"हो. उत्तराखंडला. ट्रेकला."

"आसं. कशानं जाणार?"

"रेल्वेने. दिल्लीला उतरून पुढे."

 मला वाटलं फोन कट झाला.

"शेठ?"

"दिल्लीला," गोरखशेठ हळूच म्हणाले. "सर, आमाला आदी सांगायचं ना राव."